रानातल्या वर्गाचं अनुदान

माझी बायको मागच्या पोळ्याच्या आधी गेली. भेटायला आलेले लोक म्हणतात, बाई चांगली होती. चांगली म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नाही आणि मीही इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आता लिहितो. चौथी शिकलो आहे, तेवढ्यावर जमेल तसं लिहितो. माझी बाजू घेऊन लिहिणार नाही, कारण घेण्यासारखी बाजूच नाही.

एटापल्लीच्या पलीकडे, जिथून सूरजागडचे डोंगर निळे दिसतात, तिथल्या एका गावात मी शाळेचा चपराशी होतो. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवत, एक फळा आणि एक गुरुजी. जिल्हा तेव्हा चांदा. राजधानी नागपूर, म्हणून वरून येणारा कागद पुष्कळदा हिंदीत असायचा. गुरुजी तो दोनदा वाचायचे आणि मग आम्हाला मराठीत सांगायचे. मी तात्पुरता होतो. उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा लागायची, लागली तर. या 'लागली तर'नं माझं डोकं कायम धरलेलं असायचं.

मोहाची फुलं गळायला लागली की शाळा रिकामी पडायची. पोरं आयांबरोबर पहाटे रानात जायची, फुलं वेचायची आणि ऊन डोक्यावर आलं की घरी येऊन झोपायची. गुरुजी हजेरीचं पुस्तक उघडून बसायचे आणि माश्या मारायचे. हजेरी अशीच राहिली तर शाळा उठेल, असं वरून आलं होतं.

माझी बायको शाळेत पाण्याचा हंडा ठेवायला यायची. एक दिवस तिनं हंडा ठेवला आणि गुरुजींना म्हणाली, "पोट्टे रानात अन् शाळा गावात. तुमी काऊन बसून राह्यले इथी? शाळेनंच जावं न रानात."

गुरुजी वैनगंगेकडचे, धानाच्या बांधीतले. रानाला भ्यायचे. हसले आणि म्हणाले, "बाई, मला मोह अन् टेंभूर्ण सारखंच दिसते. मी काय शिकवू तिथी?"

"तुमी अक्षर शिकवा. बाकीचं मी सांगतो पोट्ट्यांयले."

दुसऱ्या दिवशी गुरुजी खरंच रानात गेले. मी फळा डोक्यावर घेऊन गेलो, पण फळ्याचं काम पडलंच नाही. नाल्याची रेती होती. पोरं बोटानं रेतीत अक्षरं काढायची, मोहफुलांचे ढीग लावून बेरीज करायची. गुरुजी सावलीत बसून अक्षरं तपासायचे आणि बाकी सगळा वेळ माझी बायको बोलायची. तिला लिहिता येत नव्हतं. पण कुठलं पान जखमेला लावायचं, कुठल्या कंदाला आधी वाहत्या पाण्यात ठेवायचं, मधमाशी उठली तर कुठल्या बाजूला जायचं, हे तिला असं पाठ होतं की ऐकताना मीही फळा विसरायचो.

सगळ्यात आधी तिनं पोरांना काजरा दाखवला. काजऱ्याचं फळ संत्र्यासारखं पिवळं, गोल, हातात घ्यावंसं वाटणारं. त्याच्या बिया खाल्ल्या की माणूस धनुष्यासारखा वाकून मरतो. तिची धाकटी बहीण तशी मेली होती, पाच वर्षांची. मला ती गोष्ट तिनं लग्नानंतर एकदाच सांगितली. पोरांना मात्र तिनं दर आठवड्याला सांगितली, तीच गोष्ट, त्याच शब्दांत, आणि प्रत्येक पोराला झाडाच्या सालीला हात लावायला लावला. "पाह्यलं? मंग आता सांग, हे कोण? खाशीन?" पोरं ओरडायची, "नाई खात, बाई!" तिला एवढंच पाहिजे होतं. गावातलं एकही पोर असं राहू नये की ज्याला काजरा ओळखता येत नाही. लहान पोरं अजून शाळेत यायची होती, दर वर्षी नवी यायची, म्हणून हा वर्ग बंद पडता कामा नये.

आणि दुसरी गोष्ट तिनं शिकवली ती नावाची.

आमच्या रानात वाघाचं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणतात, नाहीतर 'मोठा'. शहरातली माणसं याला भीती म्हणतात. पण बायकोनं पोरांना नुसतं नाव घेऊ नका असं सांगितलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं की ते नाव एकाच वेळी घ्यायचं, जेव्हा तो खरंच समोर दिसतो तेव्हा. ज्याला दिसला त्यानं एकदा म्हणायचं. मग कोणी काही विचारायचं नाही, ओरडायचं नाही, पळायचं नाही. लहान पोरं मधे, मोठी बाहेरून, एकमेकांचा हात धरायचा आणि पाय न आपटता गावाची वाट धरायची. हे तिनं पोरांकडून नाल्यात कितीदा करून घेतलं. खेळ म्हणून करून घेताना सुद्धा ती नाव घ्यायची नाही, टाळी वाजवायची.

वर्ग सुरू झाल्यावर हजेरी भरली. मोहाच्या दिवसांत भरली, हे विशेष. गुरुजींनी वर कळवलं. तेव्हा कुठून तरी उत्तर आलं की शाळेबाहेर निसर्गात शिक्षण देणाऱ्या शाळांना अनुदान मिळू शकतं, अर्ज करा. गुरुजींनी तीन रात्री कंदिलाजवळ बसून अर्ज भरला. अनुदान मिळालं तर पाट्या येणार होत्या, पोरांना दुपारचं जेवण मिळणार होतं आणि रानात नेणाऱ्या बाईला शाळेची बाई म्हणून नेमणार होते. तसं झालं तर गुरुजींची बदली झाली, नवीन माणूस आला, तरी वर्ग मोडता येणार नव्हता. कागदावर राहिला असता.

गावात ही बातमी वेगळीच पसरली. अनुदान हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. एक म्हातारा दुसऱ्याच दिवशी शाळेत आला, हातात पळसाचे द्रोण.

"गुरुजी, कवा आहे अन्नदान?"

"अन्नदान नाही हो भाऊ, अनुदान."

"तेच न. सरकार जेवाले देऊन राह्यलं म्हणते. भात आहे की नुसती आंबील?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. बायको हसून हसून भिंतीला टेकली. तिला मी तेवढं हसताना नंतर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसांतच तपासणीचे साहेब आले. जीप नाल्यात फसली, ती गावानं ढकलून काढली. साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. घामानं भिजलेला, पायात बूट, खिशात पोरांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांनी एका पोरीला कडेवर घेऊन विचारलं, "काय ग, शिकवतात का तुला?" ती लाजून केसांत तोंड लपवायला लागली, तर हसले. गुरुजींना त्यांनी शाळेतच ठेवलं, हजेरीची पुस्तकं काढून ठेवायला सांगितली. "मला वर्ग पाहायचा आहे, मास्तर नाही," म्हणाले. म्हणून रानात साहेब, बायको, पोरं आणि साहेबांची पिशवी घेऊन मी, एवढेच गेलो.

आधी सगळं नीट झालं. पोरांनी झाडं सांगितली. साहेब वहीत लिहीत होते. काजऱ्यापाशी पोरांनी एका आवाजात "नाई खात, बाई!" म्हटलं, तेव्हा साहेबांनी बायकोकडे पाहून मान डोलावली. ती पदर नीट करून झाडामागे सरकली. मला वाटलं, झालं, मिळालं.

मग नाल्याच्या रेतीत पंजाचा ठसा दिसला. चांगला मोठा. साहेबांनी तो आधी पाहिला आणि त्यांना फार आनंद झाला. खाली वाकून त्यांनी पोरांना बोलावलं.

"हे कोणाच्या पायाचं आहे? कोण सांगेल?"

पोरं पंजाकडे पाहत राहिली. एक जण म्हणाला, "त्याचा."

"त्याचा म्हणजे कोणाचा?"

"मोठ्याचा."

"कोणता मोठा? नाव काय त्याचं?"

कोणी बोलेना. साहेबांनी पेपरमिंट काढलं. तरी नाही. दोन पोरी खाली पाहून रेतीत अंगठा फिरवायला लागल्या.

साहेब बायकोकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. हे कुठल्या प्राण्याचं आहे?"

ती म्हणाली, "साहेब, पंजा जुना आहे. परवाचा. काठ ढासळले त्याचे, अन् वरून मुंग्यायची वाट गेली, पाहा. पाणी पिऊन तो तिकडं चढला. भरलेल्या पोटाचा होता, पाय टेकत टेकत गेला."

इतकं सांगितलं तिनं. नुसत्या पंजावरून पोट भरलेलं सांगितलं. साहेबांनी ते लिहिलं नाही. ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण नाव? साधं नाव विचारतो आहे मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तू सांग साहेबांना आमचा रिवाज, असं ते पाहणं होतं. मी मराठी बरी बोलत होतो, साहेबांसमोर बोलायचं माझंच काम होतं. आणि त्याच वेळी साहेबही माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, "काय रे, तुला तरी येतं का? की तुम्हा सगळ्यांनाच शिकवावं लागेल?"

मला शहाणं दिसायचं होतं. दुसरं काही कारण नाही. मी पिशवी सांभाळून सरळ उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "वाघ, साहेब."

पोरांनी एक क्षण लावला नाही. जे तिनं शिकवलं होतं तेच केलं. लहान मधे गेली, मोठी बाहेरून उभी राहिली, हातात हात गेले. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. एका पोरीच्या हातातलं पेपरमिंट खाली पडलं, ते उचलायला सुद्धा ती वाकली नाही. पूर्ण वर्ग रेतीवरून आवाज न करता गावाच्या वाटेला लागला.

"अरे, अरे! कुठे चालले सगळे?" साहेब म्हणाले.

बायकोला माहीत होतं की तिथं काही नाही. पंजा परवाचा आहे हे तिनंच आत्ता सांगितलं होतं. एक शब्द बोलली असती तर पोरं थांबली असती. ती बोलली नाही. माझ्याकडे न पाहता पोरांच्या मागे गेली आणि सगळ्यात शेवटच्या पोराचा हात धरला.

साहेबांना वाटलं, पोरं वाघाच्या नुसत्या नावानं भिऊन पळाली आणि त्यांची बाईही पळाली.

तिथून शाळा अर्धा कोस. तेवढा रस्ता साहेब आणि मी दोघंच चाललो. सगळं सांगायला तेवढा वेळ पुरला असता. साहेब, ती पळाली नाहीत, तुमच्या देखत त्यांनी धडा म्हणून दाखवला. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "किती वर्षं झाली नोकरीला?"

"चार, साहेब."

"कायम आहेस?"

"नाही साहेब. तात्पुरता आहे."

"चार वर्षं तात्पुरता? हुशार दिसतोस. घरी कोण कोण आहे?"

मी म्हणालो, "बायको आहे." ती कोण, हे सांगितलं नाही. मग शाळा येईपर्यंत मी माझ्याच नोकरीचं बोलत राहिलो. साहेबांनी चालता चालता वहीत काहीतरी टिपलं.

गुरुजींना जेव्हा कळलं तेव्हा त्यांनी साहेबांना समजावलं, हात जोडून समजावलं. साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "मास्तर, मी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिणार. जंगलातल्या मुलांना वाघ सांगता येत नाही, तर त्यांना मी निसर्ग शिकतात असं कसं लिहू?"

घरी बायको चुलीजवळ बसली होती. मी म्हणालो, "तू एकदा थांब म्हणाली असती, तर पोट्टे थांबले असते. अनुदान गेलं न आता."

ती लाकूड आत सारत म्हणाली, "थांब म्हटलं असतं तर मंग पुढच्या खेपेले काय? खरंच कोणी म्हणन, अन् पोट्टे हसत उभे राह्यतीन. चपराशी भाऊ बी म्हणत होते म्हणून."

मी एक काटकी उचलून मोडायला लागलो.

"तुमाले ठाऊक होतं न? मंग काऊन म्हटलं?"

"तोंडातून निघून गेलं."

"असं कसं निघते," ती म्हणाली. मग तिनं भात वाढला.

कागद आला तेव्हा पावसाळा लागला होता. गुरुजींनी तो मला दिला आणि म्हणाले, "तुमच्या घरी तुम्हीच वाचून दाखवा. माझ्याच्यानं होत नाही." मी ओसरीत बसून वाचला. अनुदान नामंजूर. मुलांना जंगलातील सामान्य प्राण्यांचीही माहिती नाही. मार्गदर्शक बाई निरक्षर असून तिलाही नाही. मुलं शिस्त सोडून पळतात. यापुढे शाळेच्या वेळेत मुलांना शाळेबाहेर नेऊ नये आणि याची जबाबदारी शाळेच्या चपराशावर राहील.

त्याच्या मधे आणखी एक ओळ होती. शाळेच्या चपराशास मात्र माहिती असून तो हुशार व कामाचा आहे, त्याच्या कायम नेमणुकीचा विचार व्हावा.

ती ओळ मी वाचली नाही. वरची वाचली, खालची वाचली, मधली गिळली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"शिस्त सोडून म्हणजे काय?"

"म्हणजे, नीट वागले नाई."

"नीटच वागले," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती नेहमीसारखी टोपली घेऊन शाळेत आली. पोरं आवाज न करता उठली. त्यांना कागदाचं काही माहीत नव्हतं. गुरुजींनी मान खाली घातली आणि फळा पुसायला लागले, कोरा फळा. मी दारात जाऊन उभा राहिलो. दार अरुंद होतं, एक माणूस उभा राहिला की भरायचं.

"सरका," ती म्हणाली.

"हुकूम आहे. तुले सांगितला न."

"काजरा पिकून राह्यला. चार नवीन पोट्टे आले यंदा, त्यायनं पाह्यला नाई अजून. दाखवतो अन् आणतो. सरका."

"माझी नोकरी जाईन."

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात सगळ्यांनी गराडा घातला तेव्हा तिनं एकदा घेतलं होतं, तेही ओठात. त्या दिवशी तिनं सगळ्या पोरांसमोर माझं नाव घेतलं. अरे-तुरे करून, पूर्ण आवाजात, एकदाच. पोरं जिथल्या तिथं थांबली. मग मोठ्या पोरींनी लहानांना मधे ओढलं.

मी हललो नाही. नोकरी जाईल म्हणून हललो नाही. ती माझ्या पायापर्यंत आली, थांबली, टोपली कमरेवर घेतली आणि एकटीच रानाकडे गेली. संध्याकाळी काजऱ्याची एक डहाळी फळांसकट तोडून आणली आणि शाळेच्या कुडावर बाहेरून खोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ती मला काढायला सांगितली, पोरं हात लावतील म्हणून. मी काढली.

माझा कायम नेमणुकीचा हुकूम दिवाळीच्या आधी आला. गावात कोणाची कायम नोकरी नव्हती. लोक घरी आले. तोच द्रोणवाला म्हाताराही आला आणि म्हणाला, "भाऊ, आता तं तुमी साहेबच झाले बाप्पा!" बायकोनं गूळ आणला होता, सगळ्यांना दिला. शेवटी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "चाला. एकाचं तरी झालं."

मी तो गूळ खाल्ला. तिनं स्वतः घेतला नाही. तिला ती मधली ओळ ठाऊक होती की नव्हती, हे मला कळलं नाही. गुरुजींनी सांगितली असेल, नसेलही. गुरुजी त्याच महिन्यात बदलून गेले. पुढच्या मोहाला शाळा रिकामी झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी उठली. कुड लोकांनी सरपणाला नेला.

तात्पुरत्या माणसाची बदली होत नाही, कायम झालेल्याची होते. मला घुग्घुसकडे टाकलं. तिथं कोळशाच्या खाणी. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी काळं निघायचं. झाड म्हणून आमच्या खोलीसमोर एक कडुनिंब होता. तिथं ती पुढचं सगळं आयुष्य राहिली. शेजारची पोरं तिला बाई म्हणायची, जशी कोणालाही म्हणतात. तिनं कधी कोणाला काही शिकवलं नाही. मला कधी टोचून बोलली नाही, आणि माझं नाव पुन्हा घेतलं नाही. पेन्शन लागली, मी पेन्शन खाल्ली, अजून खातो.

शेवटच्या आजारात एक दिवस मी तिच्या खाटेजवळ बसून म्हणालो, "तुले एक सांगायचं राह्यलं. त्या कागदातलं."

ती भिंतीकडे तोंड करून होती. म्हणाली, "आता कायले? पाणी द्या."

मी उठलो आणि पाणी दिलं. सांगावं लागलं नाही म्हणून मला तेव्हा बरं वाटलं.